‘अनलकी’ किती वेळा लिहू? आईच्या वहीचं इंग्रजी करताना अडले आहे

पानगळ

नमस्कार. प्रश्न एकाच शब्दाचा आहे, पण नीट सांगायला थोडी जागा लागेल.

माझी आई गेल्या वर्षी गेली. तिच्या कपाटात एक वही सापडली. 112 पानं, सगळी शाईच्या पेनाने लिहिलेली. रोजनिशी नाही, आठवेल तसं ती लिहीत गेली आहे. माझ्या बहिणीच्या दोन्ही मुलांना मराठी समजतं, वाचता येत नाही. आजीने काय लिहून ठेवलंय ते त्यांना हवं आहे, म्हणून मी वही इंग्रजीत उतरवते आहे. 70 पानं झाली. परवा झालेला मजकूर सलग वाचायला बसले आणि लक्षात आलं की ‘अनलकी’ हा शब्द मी 31 वेळा लिहिला आहे आणि ‘बॅड लक’ 19 वेळा.

त्या पन्नासही जागा मूळ वहीत जाऊन पाहिल्या. आईने एकच शब्द कुठेही घोटलेला नाही. प्रसंगाचं वजन बघून शब्द काढला आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिचा हात मोडला, तिथे ‘नाट लागला’. भागीदाराने फसवल्यावर माझ्या वडिलांचा छापखाना बंद पडला, तिथे ‘दिवस फिरले’. त्याच वर्षी वादळात घराचं छप्पर उडालं, तिथे ‘दुष्काळात तेरावा महिना’. पुढची दोन वर्षं घरात एकामागून एक आजारपणं, तिथे ‘शुक्लकाष्ठ मागे लागलं ते सुटेना’. तिचा धाकटा भाऊ पोहायला गेला तो परत आलाच नाही, त्याच्याबद्दल ‘अभागी पोर’. हातात आलेली चांगली नोकरी ज्याने आळसापायी घालवली तो नातेवाईक ‘करंटा’. आणि माझा मोठा भाऊ, जो चारच दिवस जगला, त्याच्या पानावर ‘माझं कर्म’ एवढेच दोन शब्द आहेत. पान तिथेच संपतं.

माझ्या इंग्रजीत हे सगळे ‘अनलकी’ झाले. अभागी मामा आणि करंटा नातेवाईक यांच्यात फरकच उरला नाही. ‘माझं कर्म’चं मी ‘माय कर्मा’ केलं, आणि ते बरोबर नाही एवढं मला आतून कळतंय, पण का ते सांगता येत नाही.

सगळ्यात अडले आहे ते 43व्या पानावर. आई लग्न होऊन घरात आली आणि तिसऱ्या महिन्यात तिचे सासरे वारले. घरातल्या एका बाईने तिला ‘पांढऱ्या पायाची’ म्हटलं. आईने ते शब्द अवतरणचिन्हांत लिहिले आहेत आणि पुढची एक ओळ कोरी सोडली आहे. अख्ख्या वहीत अशी कोरी ओळ दुसरी नाही. मी तिथे ‘जिंक्स’ लिहिलं. भाचीने वाचलं आणि विचारलं, “मावशी, त्या गंमत करत होत्या ना?”

त्या रात्री मी पुढे लिहू शकले नाही. इंग्रजीत दुर्दैवाच्या शब्दांची उतरंड कशी आहे, कुठला शब्द कशाला चालतो, हे कुणी सांगाल का? यादी नेटवर मिळते, पण यादीत सगळे शब्द एकसारखेच दिसतात.

कोशकीटक

पानगळताई, वहीच्या त्या कोऱ्या ओळीपाशी बराच वेळ थांबलो. मग कोश काढले.

दुर्दैव सांगणारे शब्द इंग्रजीत पुष्कळ आहेत. ते आकाराने लहानमोठे आहेतच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक शब्द दोष वेगळ्या ठिकाणी ठेवतो. तुमच्या आईंच्या वहीत हाच प्रश्न आहे असं मला वाटतं, म्हणून व्युत्पत्तीकडून येतो.

काही शब्द दोष आकाशावर टाकतात. ‘डिझास्टर’मधला ‘ॲस्टर’ म्हणजे तारा. मूळ इटालियन शब्द, इंग्रजीत आला सोळाव्या शतकाच्या शेवटाला, आणि अर्थ असा की तारा प्रतिकूल आहे. आपलं ‘ग्रह फिरले’ त्याहून वेगळं काय सांगतं? ‘इल-स्टार्ड’ आणि ‘स्टार-क्रॉस्ड’ त्याच घरातले. यातला दुसरा शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’च्या प्रास्ताविकात आहे, म्हणून तो आजही ताटातूट झालेल्या प्रेमिकांनाच शोभतो. यिडिश भाषेतून इंग्रजीत आलेला ‘श्लिमाझल’ म्हणजे जन्माचा कमनशिबी माणूस, आणि त्यातलं ‘माझल’ मुळात नक्षत्रच. म्हणजे वर बघून बोट दाखवण्याची सवय सगळ्यांचीच.

दुसरे शब्द दोष कुणालाच देत नाहीत. ‘ॲक्सिडेंट’ आणि ‘चान्स’ लॅटिनमधल्या ‘पडणे’ या एकाच धातूतून निघाले. ‘चान्स’मध्ये तर पडतात ते फासेच. आपल्याकडे संकट कोसळतं, फासे उलटे पडतात.

तिसरं कुटुंब माझ्या विशेष आवडीचं. जुन्या नॉर्स भाषेतून ‘हॅप’ हा एक छोटा शब्द इंग्रजीत आला. अर्थ दैवयोग, नशीब. तो एकटा आता कुणी वापरत नाही, पण त्याची लेकरं सगळीकडे आहेत. जे दैवयोगाने घडतं ते ‘हॅपन’. दैवयोग वाकडा गेला तर ‘मिसहॅप’. ज्याच्या वाट्याला तो आलाच नाही तो ‘हॅपलेस’. ‘पर्हॅप्स’मध्येही तोच. आणि ‘हॅपी’ सुद्धा! चौदाव्या शतकात ‘हॅपी’ म्हणजे आधी नशीबवान, आनंदी हा अर्थ मागाहून आला. इंग्रजीत सुख हा शब्दच मुळात नशिबाच्या पोटातून निघाला आहे. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी दिवस मनात घोळत होतं.

‘डिस्मल’ची गोष्टही सांगण्यासारखी आहे. आज त्याचा अर्थ उदास, भिकार. मुळात ते लॅटिनमधले ‘वाईट दिवस’. मध्ययुगीन दिनदर्शिकांत दर महिन्याचे दोन, असे वर्षाचे 24 दिवस अशुभ म्हणून खुणावलेले असत, त्यांचं हे नाव. आणि ‘रेचिड’, म्हणजे दीनवाणा, ज्यातून निघाला तो जुन्या इंग्रजीत हद्दपार केलेल्या माणसासाठीचा शब्द होता. घराबाहेर काढलेला माणूस आणि अभागी माणूस यांच्यात त्या भाषेने फार अंतर ठेवलं नाही.

तुमच्या मामांसाठी एक सुचवतो. इंग्लंडमध्ये अकस्मात मृत्यूच्या चौकशीत ‘डेथ बाय मिसॲडव्हेंचर’ असा निष्कर्ष देण्याची जुनी रीत आहे. माणूस स्वतःहून काही करायला गेला, त्यात धोका होता, त्यात तो गेला, आणि कुणाचा गुन्हा नाही. पोहायला गेलेल्या मुलाला हा शब्द अर्थाने तंतोतंत लागू पडतो.

तांबडी शाई

इंग्रजी मुद्रितं तपासण्यात माझी 22 वर्षं गेली. वरची माहिती उत्तम आहे, पण ‘मिसॲडव्हेंचर’ लिहू नका. बहीण भावाबद्दल लिहिते आहे, तिच्या तोंडी चौकशी अधिकाऱ्याची भाषा कशाला? ‘द पुअर बॉय’ लिहा. ‘पुअर’ म्हणजे इथे गरीब नव्हे, ‘बिचारा’. इंग्रजीत माया दाखवणारा याहून साधा शब्द नाही. ‘अनफॉर्च्युनेट’ अहवालात शोभतो, आणि ‘वी रिग्रेट’च्या जागी पत्रांत वापरून वापरून तो गुळगुळीत झाला आहे. वर ‘ॲन अनफॉर्च्युनेट रिमार्क’ म्हणजे बोलू नये ते बोलून जाणं, असाही त्याचा उपयोग होतो. ‘हॅपलेस’ तर मुळीच नको. कोशात अर्थ दुर्दैवी असला तरी आज त्यात ‘ज्याला काही धड जमत नाही’ अशी छटा आली आहे. बुडालेल्या मुलाला ती लागू देऊ नका.

आता वाक्यरचना, कारण मराठी माणसाचं इंग्रजी इथेच हमखास चुकतं. ‘लक’ मोजता येत नाही. ‘इट वॉज अ बॅड लक’ हे चूक आहे, आणि मी ते शेकडो वेळा खोडलं आहे. ‘इट वॉज बॅड लक’ म्हणा, किंवा एकच घटना असेल तर ‘अ स्ट्रोक ऑफ बॅड लक’, ओळीने आल्या तर ‘अ रन ऑफ बॅड लक’. ‘मिसफॉर्च्यून’ मात्र दोन्हीकडे चालतो, मोजूनही आणि न मोजताही. तो ‘मिसहॅप’पेक्षा पुष्कळ जड आहे. ‘मिसहॅप’मध्ये प्याला फुटतो, गाडी चुकते. ‘मिसफॉर्च्यून’मध्ये आयुष्याची दिशा बदलते. ‘कलॅमिटी’ आणि ‘कॅटॅस्ट्रॉफी’ त्याच्याही वर, ते सहसा एकट्या माणसावर न येता गावावर, देशावर येतात. ‘ॲडव्हर्सिटी’ म्हणजे एखादा प्रसंग नव्हे, ती प्रतिकूल परिस्थिती, ज्यातून माणूस वाट काढतो. भाषणात फार वापरतात. तुमच्या आईंच्या साध्या लिहिण्यात तो परका वाटेल.

तुमच्या जागा एकेक घेतो.

छापखाना: ‘वी फेल ऑन हार्ड टाइम्स’. ‘दिवस फिरले’ला याच्याइतकं जवळचं मला सुचत नाही, कारण दोन्हीकडे दोष काळाचा. फसवणुकीचं वाक्य वेगळं असेल तर तिथे ‘ही हॅड द मिसफॉर्च्यून टु ट्रस्ट हिम’ ही रचना वापरा. विश्वास ठेवणाऱ्याचा मूर्खपणा न काढता नुकसान सांगते.

शुक्लकाष्ठ: इंग्रजीत दुर्दैवसुद्धा मागे लागतं, कुत्र्यासारखं. ‘वी वेअर डॉग्ड बाय इलनेस’. ‘बॅड लक’ हा शब्दही लिहायची गरज नाही, क्रियापद सगळं बोलतं.

तेरावा महिना: ‘इट नेव्हर रेन्स बट इट पोर्स’ लिहायचा मोह होईल. नका लिहू. खरोखरच वादळात छप्पर उडालंय, तिथे पावसाची म्हण घातलीत तर वाचणाऱ्याला ती कोटी वाटेल. ‘अँड ऑन टॉप ऑफ ऑल दॅट, द रूफ वेंट’. पुरे.

मोडलेला हात: ‘ऑफ ऑल डेज, द डे बिफोर द एक्झाम’. ‘जस्ट माय लक’ असंही म्हणतात, पण त्यात कुरकुर आहे, ‘माझ्याच नशिबी नेमकं हे यायचं’ असा सूर. तुमच्या आई कुरकुरणाऱ्या असतील तर चालेल. तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तसं वाटत नाही.

करंटा: याला एक शब्द नाही, शोधत बसू नका. दुर्दैवी माणसाचा दोष नसतो, करंट्याचा असतो. नशीब दारात येऊन उभं राहिलं आणि याने दार उघडलं नाही. तेच लिहा: ‘ही थ्रू अवे हिज लक’.

‘पांढऱ्या पायाची’ मला सोडवता येत नाही. ‘जिंक्स’ नाही एवढं नक्की.

पानगळ

दोघांचेही मनापासून आभार. ‘डॉग्ड’ लिहिला आणि ते पान एकदम आईसारखं वाटायला लागलं. ती खरंच मागे वळून बघत बघत लिहिते त्या भागात.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाही, आई कुरकुरणारी नव्हती. हात मोडला त्या पानावर तिने पुढे लिहिलंय की डाव्या हाताने लिहायला शिकले आणि पुढच्या वर्षी परीक्षा दिली. म्हणून ‘जस्ट माय लक’ नकोच.

‘पुअर बॉय’ मी आधी लिहून खोडला होता. फार साधा वाटला होता. आता परत घातला. मामाचा फोटो आईने त्या पानाला चिकटवलेला आहे, शाळेच्या गणवेशात. त्याच्याशेजारी मोठा शब्द टिकलाच नसता, हे मला आत्ता कळतंय.

राहिली दोन पानं. ‘माझं कर्म’ आणि 43वं.

सातासमुद्रापार

माझ्या दोन मुली, 14 आणि 17 वर्षांच्या, इंग्रजीतच वाढल्या. तुमच्या भाचीच्या कानाने हे शब्द कसे ऐकू येत असतील ते मी रोज ऐकते, म्हणून लिहिते.

‘जिंक्स’ला ती गंमत का समजली, ते मला लगेच कळलं. दोन मुलांच्या तोंडून एकाच वेळी एकच शब्द निघाला की जो आधी ‘जिंक्स!’ ओरडतो तो जिंकतो आणि दुसऱ्याने गप्प राहायचं, असा मुलांचा खेळ आहे. माझ्या मुलींनी हा शब्द आधी तिथेच ऐकला. नंतर खेळाच्या संदर्भात ऐकला: ‘आज नक्की जिंकणार असं बोलू नकोस, जिंक्स करशील’. दोन्हीकडे तो हलका आहे. तुमच्या आईंना जे ऐकावं लागलं त्याच्या जवळपासही तो जात नाही.

आता ‘कर्मा’. हे मी जरा कळकळीने सांगते, कारण तो शब्द आपला आहे म्हणून आपण बिनधास्त वापरतो. इंग्रजीत गेल्यावर त्याचा अर्थ पार अरुंद झाला. रोजच्या बोलण्यात ‘कर्मा’ म्हणजे केलेल्या वाईटाची परतफेड. कुणी रांगेत घुसला आणि पुढे जाऊन घसरून पडला, की मुलं म्हणतात ‘कर्मा!’, आणि त्यात समाधान असतं, बरं झालं असा भाव असतो. आता तुमच्या भाचीने चार दिवसांच्या बाळाच्या पानावर ‘माय कर्मा’ वाचलं तर तिला काय कळेल? आजी म्हणते आहे की मी काहीतरी वाईट केलं होतं, त्याची ही शिक्षा. मराठीत ‘कर्म माझं’ म्हणताना कुणाच्या मनात स्वतःच्या पापाचा हिशोब नसतो. तो उसासा आहे. तुम्हाला आतून जे खटकत होतं ते हेच असेल.

तेराव्या महिन्याबद्दलही एक. वर सुचवलेलं वाक्य चांगलं आहे, तेच ठेवा. म्हण शब्दशः आणायचा विचार असेल तर सावध राहा. इंग्रजीत 13 हा आकडाच अशुभ समजतात, तेव्हा ‘थर्टीन्थ मंथ’ वाचून मुलं म्हणतील, हां, तेरा म्हणजे अपशकुन. आपल्या म्हणीत तेराचा काही दोष नाही. आधीच धान्य नाही आणि त्यात अधिक महिना येऊन वर्ष लांबलं, एवढाच तिचा अर्थ आहे.

आणि तुमच्या बोलण्यातही मुलांसमोर ‘टफ लक’ येत असेल तर जपून. आपल्याला ते सहानुभूतीचं वाटतं. पुष्कळदा ते ‘असेना, मी काय करू’ अशा सुरात म्हटलं जातं. कुणाला खरंच वाईट वाटून म्हणायचं असेल तर ‘हार्ड लक’ किंवा नुसतं ‘आय ॲम सो सॉरी’. दुसरंच बहुतेक वेळा बरोबर.

कोशकीटक

‘मिसॲडव्हेंचर’ मागे घेतो, तांबडी शाई यांचं म्हणणं पटलं.

‘माझं कर्म’साठी ‘लॉट’ या शब्दाचा विचार करा. ‘माय लॉट’. चिठ्ठ्या टाकून जो वाटा निघतो तो ‘लॉट’, त्यावरून ‘वन्स लॉट इन लाइफ’ म्हणजे माणसाच्या वाट्याला आलेलं आयुष्य. थोडा जुन्या वळणाचा शब्द आहे, पण मेलेला नाही. आणि गंमत बघा, आपले शब्दही तेच सांगतात. ‘भाग्य’ हा ‘भाग’च्या कुळातला. ‘नशीब’ अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थ हिस्सा. ‘किस्मत’ही अरबी, तिचा अर्थ वाटणी. तीन वेगवेगळ्या भाषांतल्या लोकांना दैव म्हटल्यावर एकच चित्र दिसलं: कुणीतरी वाटप करतंय आणि आपल्या पुढ्यात काय पडेल ते आपल्या हातात नाही. ‘लॉट’मध्ये दोष नाही, शिक्षा नाही. ‘कर्मा’ जे बिघडवतो ते तो बिघडवत नाही. शिवाय मूळचे दोन शब्द, तिथे दोनच शब्द राहतील.

पांढऱ्या पायांबद्दल. ‘व्हाइट-फुटेड’ असं विशेषण करू नका. त्या नावाचा एक उंदीर आहे, वाचणाऱ्याला प्राणीच आठवेल. पण इंग्रजीला पांढऱ्या पायांचा अपशकुन अगदी अनोळखी नाही. घोडा विकत घेताना म्हणायचं एक जुनं यमक आहे. पाठभेद बरेच, पण सार असं: एक पाय पांढरा असेल तर घ्या, दोन असतील तर पारखून घ्या, तीन असतील तर दहादा विचार करा, चारही पांढरे असतील तर सोडून द्या. तिथे ते जनावराबद्दल बोललं गेलं. आपल्याकडे माणसाबद्दल.

दुर्दैव आणणाऱ्या माणसाला इंग्रजीत ‘जोना’ म्हणतात, बायबलमधल्या त्याच नावाच्या संदेष्ट्यावरून. त्याच्यामुळे वादळ आलं म्हणून खलाशांनी त्याला समुद्रात टाकलं. अर्थाने जवळ जातो. पण तो जहाजावरचा पुरुष आहे, घरात नव्याने आलेली मुलगी नाही. एका शब्दात हे बसेल असं मला वाटत नाही.

तांबडी शाई

बसवूच नका. दोन वाक्यं करा. पहिल्यात त्या बाईचे शब्द जसेच्या तसे, दुसऱ्यात त्यांचा अर्थ. आणि अर्थ सांगताना ‘लक’ हा शब्द टाळा. तिने नशिबाबद्दल काही म्हटलं नव्हतं. तिने मृत्यूचा आरोप केला होता.

पानगळ

हे वाचून उठले आणि बराच वेळ खिडकीपाशी उभी होते. ‘तिने मृत्यूचा आरोप केला होता.’ इतकी वर्षं ही गोष्ट आम्हाला माहीत होती, आई दोनतीनदा बोलली होती, पण आम्ही सगळे ती ‘आईला सासरी सुरुवातीला त्रास झाला’ एवढ्यावर मिटवत आलो. मीही तेच केलं. अवघड वाक्य आलं की सौम्य शब्द शोधायचा, आणि ‘अनलकी’इतका सौम्य शब्द दुसरा नाही. कुणाचंच नाव घ्यावं लागत नाही त्यात.

काल बसून 43वं पान पुन्हा केलं. आता ते असं आहे:

‘“व्हाइट फीट,” शी सेड. शी मेन्ट दॅट आय हॅड ब्रॉट द डेथ इन्टु द हाउस.’

त्यानंतर आईसारखीच एक ओळ कोरी ठेवली आहे. टंकताना संगणक ती ओळ दोनदा गिळत होता, तिसऱ्यांदा राहिली.

बाळाच्या पानावर ‘माय लॉट.’ लिहिलं. पूर्णविराम आईने दिलेला नाही, म्हणून मग तोही काढला.

31 आणि 19 मधले आता सहा ‘अनलकी’ आणि चार ‘बॅड लक’ उरले आहेत. ते राहू देणार आहे, कारण त्या जागी आईनेही हलक्या हाताने लिहिलं आहे. एका ठिकाणी तिची छत्री सलग तिसऱ्यांदा हरवली, तिथे ‘माझं नशीबच तसं’ असं आहे. तिथे मी ‘जस्ट माय लक’ घातला. वर नको म्हटलं होतं, पण छत्रीपुरती ती कुरकुर आईची वाटते.

करंट्या नातेवाइकाचं वाक्य तांबडी शाई यांनी दिलं तेच ठेवलं. बहिणीने ते फोनवर ऐकलं आणि लगेच ओळखलं कोण ते.

संध्याकाळी भाचीला नवी पानं पाठवली. या वेळी तिने गंमत आहे का असं नाही विचारलं. तासाभराने तिचा फोन आला. म्हणाली, “मावशी, ती बाई कोण होती? आणि मग आजी काय म्हणाली तिला?”

आजी तिला काहीच म्हणाली नाही, हे मी सांगितलं. मग ती बाई कोण होती तेही सांगितलं.

सातासमुद्रापार

कोरी ओळ छापताना कुणी काढून टाकणार नाही ना, तेवढं बघा. तिथे एखादी बारीक खूण करून ठेवलेली बरी.

पानगळ

हो, समासात पेन्सिलीने ‘ओळ सोडावी’ असं लिहून ठेवते. 71व्या पानावर आईचं पुन्हा एक ‘नाट’ आलं आहे, या वेळी प्रवासाला निघताना. ते घेऊन उद्या परत येते.